भाता कुणी मारायचा?

वहिनी,

तू सुटलीस, असं सगळे म्हणतायत. वेम्बलीच्या मंडळातल्या काकू फोनवर म्हणाल्या, "सुटली गं बाई एकदाची." दादाच्या ऑफिसातला कुणीतरी म्हणाला, "ॲट लीस्ट शी इज नॉट सफरिंग." मी एकालाही हो म्हटलेलं नाही. सुटायला तू काय कैदेत होतीस? नॉटिंगहॅमच्या घरात मागच्या खोलीत खिडकीशी पलंग लावून घेतला होतास आणि तिथून रेवाला ओरडत होतीस की कांदा असा चिरतात का, दगड फोडल्यासारखा. हिला कैद म्हणायचं असेल तर मलाही टाका तसल्या कैदेत.

दुसरी तऱ्हा त्याहून वाईट. "शेवटपर्यंत लढली हो." लढली कुठे? तू तर साफ सांगितलंस की मला लढायचं नाही, मला घरी जायचंय. ज्या गोष्टीवरून तू आणि मी तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात कडाकडा भांडलो, ती गोष्ट लोकांनी दोन शब्दांत पुसून टाकली, आणि मला ते खपत नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय. तू गेलीस म्हणून ते मिटलं असं मी मानत नाही. माझ्याकडे आता उत्तर आहे आणि ते तुला ऐकावं लागेल.

नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य असायचं म्हणतात. आपलं तसं होतं की नव्हतं हे मला आजही सांगता यायचं नाही. मूड बरा असला की तू मला माधवी म्हणायचीस. भांडायचं असलं की एकदम "वन्सं" व्हायचे मी, आणि "तू"ची "तुम्ही". "वन्सं, तुम्ही जरा गप्प बसाल का?" इतकी शिकलेली डॉक्टर बाई, वीस-पंचवीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात म्हाताऱ्यांचा वॉर्ड सांभाळलेली, आणि भांडणात तोंडात शब्द आजेसासूच्या काळातला. ऐकला की मला कळायचं, आता ही हटणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, हे अप्पा तुझ्याबद्दल कौतुकाने म्हणायचे. मी कौतुकाने म्हणत नव्हते.

त्या दिवशी कन्सल्टंटच्या खोलीत आपण चौघं होतो. दादा, रेवा, तू आणि मी. तो पोरगा तुझ्याच हॉस्पिटलातला, तुला ओळखणारा, तुझ्याकडे बघताना त्याचे डोळे भरून आले होते. रोग दुसऱ्यांदा आलाय, पसरलाय, पण अजून दोन औषधं आहेत, एक ट्रायल आहे, असं सगळं सांगून तो म्हणाला, "डॉक्टर, वुई विल पुल आउट ऑल द स्टॉप्स फॉर यू." दादाने मान हलवली. मी पण हलवली, जोरात. आणि तू हसलीस. त्या खोलीत कुणी हसत नसेल तसं, खळखळून. "प्लीज डोन्ट," म्हणालीस. त्या पोराला काही कळेना. मला मात्र लगेच कळलं की तुला ती पॅट आठवली आहे, तो ऑर्गन आठवलाय, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण तू सांगायचीस ते फार तिखट करून सांगायचीस.

तू या देशात नवीन होतीस तेव्हाची गोष्ट. वॉर्डात एका म्हातारीच्या मुलांना तुझे सीनियर तेच वाक्य म्हणाले, पुल आउट ऑल द स्टॉप्स. अर्थ तुला कळला, की होईल तेवढं सगळं करू, काही बाकी ठेवणार नाही. पण तुझा स्वभाव असा की शब्द कळून भागत नाही, तो आला कुठून हे हवं. हॉस्पिटलच्या मागच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी पॅट तुमच्या वॉर्डात व्हॉलंटियर होती, पेशंटना चहा द्यायची. तिने तुला लंचटाइममध्ये चर्चमध्ये नेलं. ऑर्गनच्या दोन्ही बाजूंना लाकडी मुठी असतात, त्या मुठी म्हणजे स्टॉप. मूठ आत ढकललेली असली की नळ्यांच्या त्या रांगेला हवा मिळत नाही, रांग मुकी. बाहेर ओढली की ती बोलायला लागते. एखाद-दोन ओढल्या की बासरीइतका आवाज, सगळ्या ओढल्या की अख्खा ऑर्गन एकदम तोंड उघडतो. तिथून ती म्हण आली आणि चर्चच्या बाहेर पडून सगळीकडे पसरली. आता फुटबॉलच्या टीमलाही लावतात, वाढदिवसाच्या केकलाही, कौन्सिलच्या ख्रिसमसच्या लायटिंगलाही. म्हणणाऱ्यांतल्या कितीजणांनी ती मूठ पाहिली असेल देव जाणे.

"गो ऑन, मी डक, हॅव अ गो," असं पॅट म्हणाली. तिकडे सगळ्यांनाच लाडाने 'मी डक', म्हणजे माझ्या बदका, म्हणतात, तुला मात्र ते जन्मभर गोड वाटलं. तू सगळ्या मुठी ओढल्यास आणि एक पट्टी दाबलीस. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, म्हणालीस. त्याच संध्याकाळी मला वेम्बलीला फोन. "माधवी, आज इंग्रजांची पेटी पाहिली! आणि तिला काय आहे ठाऊक आहे? हवा द्यायला मोटर!"

ती मोटर तू आयुष्यभर सोडली नाहीस.

कारण अप्पांची पेटी तुझ्या घरात होती. माझ्या वडिलांची मिरजेची पेटी, लेक म्हणून माझ्याकडे यायची ती सुनेकडे गेली, कारण गळा सुनेला होता आणि मला फक्त बोटं. मग मी शनिवारी एम-वनवरून गाडी हाकत नॉटिंगहॅमला यायचं, मी वाजवायचं, तू गायचीस, आणि दादा वर जाऊन क्रिकेट बघायचा. पेटीही मुळात त्यांच्याच मुलखातली, तिकडून आली तेव्हा पायाने हवा द्यायची होती. आपल्याकडे येऊन ती जमिनीवर बसली आणि भाता वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे आला. खुंट्या मात्र राहिल्या. काही खुंट्या पट्ट्यांना हवा देतात. काहींचं काम वेगळं, तसली खुंटी ओढली की एक सूर आपला आपण बोलत राहतो, पट्टी दाबा न दाबा. अप्पा त्यातली एकच ओढायचे, गाणाऱ्याच्या सा ची. "खुंट्या शोभेच्या नसतात, तशा सगळ्या ओढायच्याही नसतात," असं शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगायचे.

ईलिंगच्या त्या गणपतीत काय झालं होतं आठवतं? पुण्याहून नुकता आलेला एक सॉफ्टवेअरवाला, नवी कोरी पेटी ईलिंग रोडवरून घेऊन आलेला, झब्बा कडक इस्त्रीचा. बसला आणि झाडून सगळ्या खुंट्या ओढल्या त्याने. दिसायला छान दिसतात ना बाहेर आलेल्या. आरती सुरू झाली आणि पेटीतून असा काही गलका निघाला की देवाने कानांवर सोंड ठेवली असती. पण गंमत पुढेच होती. एवढे सूर एकदम उघडे, हवा पुरेना. बिचारा डावा हात जिवाच्या आकांताने मारतोय, भाता भरायच्या आत रिकामा, आणि दुसऱ्या कडव्याला पेटीचा आवाज बसला. नुसती धाप. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "बघ. ऑल द स्टॉप्स." आपण दोघी पदरात तोंड घालून हसलो. यजमानीण बाईंनी आपल्याला नंतर प्रसादाला सुद्धा नीट विचारलं नाही.

तेव्हा ते हसण्यावारी होतं. कन्सल्टंटच्या खोलीतून आपण खाली कारपार्कमध्ये आलो तेव्हा नव्हतं.

मी तोंड सोडलं हे खरं. म्हटलं, तुझ्या पेशंटच्या नातेवाइकांना तू स्वतः तेच वाक्य सांगत आलीस आणि आता आमची वेळ आली तर हसतेस? म्हटलं, रेवाचं लग्न व्हायचंय, दादाला साधा वरणभात लावता येत नाही. रेवा तिच्या इथल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आत्या, स्टॉप इट. आई दमला आहे." दादा तिकिटाच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला, तिकीट कधीच काढून झालं होतं तरी.

आणि तू गाडीला टेकून शांतपणे म्हणालीस, "वन्सं, ऐका. ही म्हण मोटरवाल्यांची आहे. त्यांच्याकडे हवा कधी संपत नाही, म्हणून त्यांना वाटतं सगळं उघडावं. मी ते वाक्य नातेवाइकांना सांगितलंय, खूपदा. ते ऐकून घरी जातात. नंतर त्या म्हाताऱ्याचं काय होतं ते त्यांना दिसत नाही, मला दिसतं. खुंट्या सगळ्या आपण ओढायच्या आणि भाता त्या एकट्याच्या हातात. मला माझी हवा गाण्याला पाहिजे. दोन-चार महिने असतील तर असू देत."

मी आपलं "झालं तुझं लेक्चर?" म्हणून गाडीत जाऊन बसले. उत्तर न सुचल्याचा राग वेगळाच असतो, तो मी वेम्बलीपर्यंत घेऊन आले.

तुझे महिने तू वसूल केलेस, हे मी नाकारत नाही. ज्या शनिवारी श्वास बरा असायचा त्या शनिवारी गायलीस. भूप गायलीस, काळी चारमध्ये, आवाज अर्धाच लागत होता पण सा असा यायचा की माझी बोटं पट्टीवरच थांबायची. चहा आणायच्या निमित्ताने दादा खाली यायचा आणि कप हातात धरून दारातच उभा राहायचा. ट्रायलवाल्या वॉर्डात हे झालं नसतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसत होतं म्हणून मला पटलं, असं मात्र नाही. मला तू भूप गाणारी हवी होतीस आणि पुढच्या वर्षीही हवी होतीस. यात काय चुकलं माझं? लोभ म्हण. आहे मला तुझा लोभ.

एका दुपारी तू फर्मान काढलंस. "मी गेल्यावर क्रिमेटोरियममध्ये स्पीकरवर काही लावू देऊ नकोस. अप्पांची पेटी ने. भूप वाजव. खुंटी फक्त माझ्या सा ची, दुसरा एकही सूर उघडायचा नाही. कळलं ना, वन्सं?" मी म्हटलं बघू. तू म्हणालीस, बघू नको, वाजव.

तू गेलीस आणि नंतर इथल्या रिवाजाप्रमाणे नुसतं थांबणं आलं. आपल्याकडे माणूस गेल्यावर रडायलाही उसंत मिळत नाही, इथे दहनाची तारीख मिळेपर्यंत घरात बसून राहायचं. लोक कॅसरोल आणून देतात. दादा डिशवॉशर भरायचा, रिकामा करायचा आणि पुन्हा तीच स्वच्छ भांडी भरायचा. मला ते बघवेना. एक दिवस उठले आणि तुझ्या त्या चर्चमध्ये गेले. कशाला, हे मला विचारू नकोस. भांडायला गेले असेन.

पॅट होती. चांगलीच म्हातारी झालीय, काठी घेते. मी कोण ते सांगितल्यावर माझा हात हातात घेऊन बसून राहिली. मग मी तिला तुझं मोटरचं लेक्चर सांगितलं, सगळं, कारपार्कसकट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बट द मोटर केम लेटर, मी डक." काठी टेकत टेकत मला ऑर्गनच्या बाजूला घेऊन गेली. तिथे लाकडात एक उभी फट आहे, आणि फटीतून एक दांडा बाहेर आलेला, हाताने गुळगुळीत झालेला. वीज नव्हती तेव्हा तिथे एक माणूस उभा राहायचा. प्रार्थना सुरू झाली की दांडा वरखाली करायचा, संपेपर्यंत. भात्यात हवा किती उरली ते कळायला दोरीला एक छोटं वजन टांगलेलं असायचं, त्यावर नजर ठेवून. मोठा ऑर्गन असला तर एकाहून जास्त माणसं लागायची. लोकांना ती दिसायची नाहीत. बायबल उघडून बसलेल्यांना फक्त आवाज ऐकू यायचा.

मी तो दांडा धरून उभी राहिले, वहिनी, आणि मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी तुझ्यावर अशी चिडले की पॅट घाबरली.

म्हणजे ती म्हण पडली तेव्हा मोटर नव्हतीच! मुठी ओढणारा एक आणि हवा देणारे दुसरे, असं होतं ते. ओढणाऱ्याला ठाऊक असायचं की मागे माणसं उभी आहेत. तू आयुष्यभर त्या शब्दाचं मूळ सांगत फिरलीस आणि अर्धंच मूळ सांगितलंस. कारपार्कमध्ये मला हे ठाऊक असतं तर म्हटलं असतं, भाता एकट्या म्हाताऱ्याच्या हातात असतो ही तुझ्या वॉर्डाची गोष्ट आहे, आपल्या घराची नाही. आम्ही होतो ना. मी होते, रेवा होती, तिकिटाच्या मशीनपाशी उभा राहिलेला तो तुझा नवरा होता. तू आम्हाला विचारलंच नाहीस की माराल का भाता. परस्पर ठरवून टाकलंस की हवा तुझी एकटीची आहे.

तू यावर काय म्हणाली असतीस ते मला येतं. "वन्सं, हवा तुम्ही द्याल हो, पण दुखेल मला." येतं मला. तरी मी माघार घेत नाही.

घरी येऊन दादाला सांगितलं की पेटी मी वाजवणार, पण भाता तू मारायचास. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मला लहानपणीचा तो दिसला. सा आणि प मधला फरक त्याला कधी कळला नाही, अप्पांनी त्याला पेटीला हात लावायचा नाही असं सांगून टाकलं होतं. "मला येत नाही गं," म्हणाला. मी म्हटलं, यायचंय काय त्यात, हवा द्यायची. थांबायचं नाही एवढंच. त्याने डिशवॉशर बंद केलं.

क्रिमेटोरियमच्या हॉलमध्ये तुझ्या वॉर्डाच्या नर्सेस आल्या होत्या, मंडळातली माणसं होती, पॅट पहिल्या बाकावर. आपल्याला वेळ मोजून दिलेला, बाहेर पुढच्या अंत्यविधीची गाडी येऊन थांबलेली. टेबलावर अप्पांची पेटी. पट्ट्यांच्या बाजूला मी, समोर भात्याच्या बाजूला दादा, काळ्या सुटात, दोन्ही हात भात्यावर. मी खुंट्यांना हात घातला तशी रेवा पुटपुटली, "आत्या, आईनी ओन्ली वन सांगितला होता."

मी म्हटलं, ठाऊक आहे. आणि सगळ्या ओढल्या.

वहिनी, काय तो आवाज! एकमेकांशी न पटणारे सगळे सूर एकदम. नर्सेस दचकल्या. दाराशी उभ्या काळ्या कोटवाल्याने मान वर केली. मंडळाच्या काकूंनी डोळे मिटले, भक्तीने नव्हे. मी त्यात दोन्ही हातांनी तुझा भूप वाजवत होते आणि तो मलाही ऐकू येत नव्हता. तेवढं तुझं खरं, कबूल, सगळं उघडलं की गाणं हरवतं. पण पेटीला धाप लागली नाही. एकदाही नाही. दादाचा चेहरा लाल झाला, टाय खांद्यावर गेला, घाम आणि डोळ्यातलं पाणी एकच झालं, आणि भाता भरलेला तो भरलेलाच. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो पडद्याशी ठेवलेल्या, तू होतीस त्या पेटीकडे. कुणी म्हणू दे आता की हवा एकटीची असते.

मग मी एकेक खुंटी आत ढकलत गेले. गलका ओसरला. पट्ट्यांना हवा देणाऱ्या सोडल्या तर तुझ्या सा ची खुंटी तेवढी राहू दिली, तू सांगितलीस तशी, आणि मग भूप ऐकू आला, सावकाश, तू घ्यायचीस तेवढ्याच लयीत. मागे कुणीतरी नाक ओढलं. पडदा सरकायला लागला. वेळ संपत आली तशी मी शेवटच्या सा वर आले आणि बोटं उचलली.

सूर थांबला नाही. खुंटी उघडी होती आणि दादा भाता मारत होता. पडदा पूर्ण बंद झाला, कोटवाल्याने घड्याळाकडे पाहिलं, रेवाने दादाच्या पाठीवर हात ठेवला, तरी तो मारतच होता, आणि तुझा सा त्या हॉलमध्ये उभाच होता. मी काही त्याला थांब म्हटलं नाही.

आता बोल. म्हण, वन्सं.